जांभळी चिप

आमच्या ह्यांना कुठूनही उठवायचं असेल तर एकच उपाय आहे. मागून जायचं आणि उजव्या खांद्यावर दोनदा टपटप करायचं. "चला आता." हाका मारून उपयोग नाही, रागावून तर मुळीच नाही. जुन्या बाजारात, लिलावात, कुणाच्या तरी माळ्यावर खोकी उपसताना हे "पाच मिनिटांत आलो" म्हणतात आणि ती पाच मिनिटं तीन तासांची होतात. तीस वर्षं मी टपटप करतेय आणि तीस वर्षं हे निमूट उठतायत.

ह्यांचं चष्म्याचं दुकान. त्याला लागून माझं, कपडे आल्टर करायचं. गिऱ्हाईक नसलं की हे डोळ्याला भिंग लावून पोकरच्या चिपा बघत बसतात. चिप्स म्हटलं की लोकांना बटाटा आठवतो, म्हणून आमच्या घरात चिपा. बंद पडलेल्या कॅसिनोंच्या, जुगारात पैशांऐवजी लावायच्या, मातीच्या, कडेला रंगीत पट्टे असलेल्या. दुसऱ्यांचे नवरे नाणी जमवतात, तिकिटं जमवतात. पाहुण्यांना सांगायला निदान तोंड राहतं. आणि गंमत म्हणजे ह्यांना पत्त्यांचा एक डाव खेळता येत नाही. मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, "खेळायचं काय त्यात?"

त्यातही ह्यांचा जीव एकाच क्लबच्या चिपांवर. चाळीस वर्षांपूर्वी तो क्लब एका दुपारी, चालू डाव तसेच टाकून, बंद झाला. चिपा कुठल्याशा दुसऱ्या इमारतीच्या पायात ओतून वर काँक्रीट घातलं म्हणतात. आठ रंगांपैकी सात ह्यांनी मिळवले. हिरव्या तर त्रेचाळीस आहेत. त्यातली एक कायम पँटच्या खिशात, दुसऱ्या चिपांशी ताडून बघायला. राहिली होती जांभळी. ती फक्त मागच्या खोलीतल्या टेबलावर चालायची आणि तिचा फोटोसुद्धा कुणाकडे नाही. रात्री झोपेत हे कूस बदलून "जांभळी" म्हणायचे. दुसरी कुणी असती तर संशय घेतला असता.

जाहिरात ह्यांना रविवारी सकाळी दिसली. 'जुन्या क्लबची जांभळी चिप. प्रत्यक्ष येऊन पाहावी.' ह्यांनी लगेच फोन लावला. पलीकडून एका म्हातारीचा आवाज आला, मलाही ऐकू गेला. "एकटेच येणार का?"

"नाही, मंडळीही आहेत बरोबर," हे म्हणाले.

पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग म्हातारी म्हणाली, "या. दोघंही या."

पत्ता क्लबच्या मूळ इमारतीचाच होता. खाली आता फर्निचरचं गोदाम झालंय, प्लास्टिक गुंडाळलेले सोफे एकावर एक. जिना चढून गेलो तर वर लांबलचक बोळ आणि टोकाला एक दार. हे माझ्या पुढे दोन-दोन पायऱ्या चढत होते. गुडघेदुखी वगैरे सगळं घरीच राहिलं होतं.

आजीबाईंनी दार उघडलं. नीटनेटक्या होत्या, पण वर्षानुवर्षं धड झोपल्या नसाव्यात अशा. खोलीत एक पलंग, गॅसची शेगडी, दोरीवर वाळत घातलेले पुरुषाचे मोजे. आणि मधोमध ते टेबल. लंबगोल, हिरव्या कापडाचं, पाय जमिनीत पक्के केलेले. समोर पाच खुर्च्या. टेबलामागे एक म्हातारा उभा होता. काळा कोट घालून तो पाचही रिकाम्या खुर्च्यांना पत्ते वाटत होता.

"आमचे यजमान," आजीबाई म्हणाल्या. "डीलर होते इथे."

म्हाताऱ्याने मान वर केली नाही. मी शिवणकाम करणारी, माझी नजर आधी कोटावर गेली. खिसे शिवून बंद केलेले होते. बारीक, घट्ट टाके. ह्यांनी मला कधीच सांगितलं होतं की डीलरच्या खिशांना तोंड ठेवत नसत, चिप आत सरकवू नये म्हणून. ऐकून मी जांभई दिली होती. प्रत्यक्ष पाहिल्यावर मात्र कसंसंच झालं.

ह्यांना कोट दिसलाच नाही. म्हाताऱ्यापुढे चिपांचा ट्रे होता, खाचांत उभ्या लावलेल्या चिपांच्या ओळी, आणि शेवटच्या खाचेत एकटी एक जांभळी. कडेला पांढरे पट्टे, मध्ये ठसा उमटवलेला बगळा. ह्यांनी चष्मा काढून पुसला, मला वाटलं रडतात की काय.

"हातात घेऊ?" ह्यांनी विचारलं.

"टेबलावरची चिप डीलरशिवाय कुणी उचलायची नाही," आजीबाई म्हणाल्या. "तुम्हाला तर माहीत असेल. डीलरला सुट्टी कशी देतात, तेही माहीत असेल ना?"

झालं. ह्यांना कुणी असं विचारायचीच खोटी. नातेवाईक उठून जातात, म्हणून बिचाऱ्यांना सांगायला माणूस मिळत नाही. हे म्हणाले, "म्हणजे काय! डीलर आपल्या मनाने टेबल सोडत नाही. दुसरा येतो, मागून खांद्यावर हात लावतो. मग पहिला टाळी वाजवतो, दोन्ही तळवे वर, दोन्ही खाली, म्हणजे हातात काही नाही. मगच बाजूला होतो."

"त्या दुपारी ह्यांना सुट्टी द्यायला कुणी आलंच नाही," आजीबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, दूध संपलं म्हणावं तसा.

"अरेरे," हे हसले. मग टेबलाला वळसा घालून मागे गेले आणि मोठ्या हौसेने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "चला काका, आता मी आलो."

म्हाताऱ्याचे हात थांबले. त्याने टाळी वाजवली. तळवे वर केले, खाली केले. बोटांना नखापाशी भेगा पडल्या होत्या. मग तो एक पाऊल बाजूला सरकला आणि त्याचे गुडघेच गेले. आजीबाई धावल्या, काखेत हात घालून त्याला सावरलं आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडून रडू लागली. मी काहीतरी मदत करायची म्हणून पाण्याचा तांब्या शोधत होते. मागे पत्ते पिसल्याचा आवाज आला.

हे पत्ते पिसत होते. ज्यांना पत्त्यांतलं इस्पिक आणि किल्वर ओळखता येत नाही ते आमचे हे, झरझर, एक पान इकडचं तिकडे न होऊ देता पत्ते वाटत होते. आणि चेहरा पांढरा पडला होता.

"अगं, हात थांबत नाहीयेत," हे म्हणाले. "पाय उचलत नाहीयेत."

मला आधी चेष्टाच वाटली. मी नेहमीसारखी मागे गेले, हात उचलला. "पुरे झालं हं, चला आ..."

"हात लावू नकोस!"

तीस वर्षांत हे माझ्यावर असे ओरडले नव्हते. माझा हात हवेतच राहिला. मग मला कळलं. टपटप केलं असतं तर हे सुटले असते आणि मी तिथे उभी राहिले असते.

आजीबाई म्हाताऱ्याला धरून दारात पोचल्या होत्या. किल्ली त्यांनी खिळ्याला अडकवली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भूक लागत नाही त्यांना. पाय दुखतात, तेवढं तेल लावा. आणि फार सोसवेना झालं की जाहिरात द्या." मग जिन्यावर त्यांचा आवाज येत राहिला, लहान मुलाला शिकवतात तसा. "आता हा पाय. आता हा."

त्या बाईला मी मनातल्या मनात काय काय शिव्या दिल्या ते सांगत नाही.

सोमवारी मी दोन्ही दुकानांना कुलूप लावलं आणि तेल, सैल चपला, रेडिओ घेऊन गेले. डॉक्टरांना आणते म्हटलं तर हे म्हणाले, "डॉक्टर पहिल्यांदा खांद्यालाच हात लावतील. कशाला त्या गरिबाचं वाटोळं?" दिवसभर मी पलंगावर बसून शिलाई केली आणि हे पत्ते वाटत राहिले. वाटलेल्या पत्त्यांकडे ह्यांची नजर जायची, मग खुर्चीच्या वर, माणसाचं तोंड असतं तिथपर्यंत. मान हलायची, हो म्हटल्यासारखी. एकदा हसलेही.

"कोण आहे तिथे?" मी विचारलं.

"तू शिलाई कर," हे म्हणाले. "इकडे बघू नकोस." बोलण्यात माया होती. मला त्या मायेनेच रडू फुटलं.

मंगळवारी सकाळी मी जाहिरात दिली. होय, दिली. ह्यांच्याच फोनवरून, ह्यांच्याच चिपावाल्यांच्या ग्रुपवर, आजीबाईंचे शब्द जसेच्या तसे. दहा मिनिटांत फोन आला. तरुण आवाज होता, धाप लागलेला, अगदी ह्यांच्यासारखा. "खरंच जांभळी आहे? आत्ता निघतो! आणि काकू, बायकोलाही आणलं तर चालेल का? एकटं सोडलं की मी घरी परतच जात नाही म्हणते."

माझ्या तोंडात 'या, दोघंही या' आलं होतं. मला आजीबाईंची ती गप्प राहिलेली वेळ आठवली. त्या बाईनेही तेवढ्या वेळात माझा विचार केला असेल, आणि मग बोलावलं असेल. मला ते जमलं नाही. "विकली गेली हो," म्हटलं आणि जाहिरात काढून टाकली.

ह्यांनी सगळं ऐकलं होतं. पाचही खुर्च्यांना पत्ते वाटून झाले. मग हे म्हणाले, "एक सुचतंय. आलटून पालटून केलं तर? पूर्वी डीलर तसंच करायचे. तू थोडा वेळ उभी राहा. मी घरी जाऊन अंघोळ करतो, पाठ टेकतो आणि येऊन तुला सोडवतो. मग तू जा."

रविवारी ओरडून माझा हात अडवणारा माणूस मंगळवारी हे म्हणाला. पण त्यांच्या पोटऱ्या सुजल्या होत्या, दाढी वाढली होती, आणि मी काही दगड नाही. नवरा-बायकोंनी असं वाटून घेतलेलं असतंच की काही ना काही. पुन्हा दोघांना मिळून कुठे जाता येणार नाही, एवढं मात्र माझ्या ध्यानात आलं. ह्यांच्या आलं की नाही, देव जाणे.

"किती वेळात याल?" मी विचारलं.

"पाच मिनिटांत आलो," हे सवयीने म्हणाले. आणि दोघांनाही हसू आलं, त्या खोलीत.

मी मागे गेले. उजव्या खांद्यावर दोनदा टपटप केलं. "चला आता."

ह्यांनी टाळी वाजवली. तळवे वर केले, खाली केले. हात रिकामे होते, मी नीट बघितलं. मग बाजूला झाले, लंगडत दारापर्यंत गेले, चपला घातल्या. दारातून वळून बघतील असं वाटलं होतं. जिन्यावर पावलं वाजली, आधी सावकाश, मग भराभर.

पाय उचलत नाहीत, हे खरं आहे. जमिनीशी शिवल्यासारखे वाटतात. हात आपसूक चालतात आणि खूप छान चालतात, त्याचंच जास्त भय वाटतं. इकडे बघू नकोस असं हे का म्हणाले, तेही आता कळलं. त्या खुर्च्या रिकाम्या नाहीत. याहून जास्त मी सांगणार नाही.

म्हणून मी खाली बघते, ट्रेकडे. ते तरी माझ्या ओळखीचं आहे. लाल, पिवळ्या, निळ्या. मी स्वतःची समजूत घालत होते की हे येणार, नक्की येणार, माझ्यासाठी नाही तर त्या जांभळीसाठी तरी येणार. इतकी वर्षं जिच्या मागे धावले ती इथे टाकून हे घरी बसणारेत थोडेच? आणि शेवटच्या खाचेकडे नजर गेली.

तिथे हिरवी उभी आहे. ताडून बघायला खिशात असते ती.

डाव संपला की एक हात क्षणभर आपला असतो, त्यात कधी बदलली असेल, विचार करतेय. सोमवारी, मी शिलाईवर मान घालून बसले होते तेव्हा? की आज, माझं लक्ष फोनकडे होतं तेव्हा? टाळी वाजवून तळवे दाखवले, पण त्यातून हातांचंच कळतं. ह्यांच्या पँटला चार खिसे आहेत, सगळे माझ्या हातचे, आणि एकही शिवून बंद केलेला नाही.

भिंतीवरच्या घड्याळात तीन तास होऊन गेले. गोदामातली माणसं सोफे हलवतायत. जिन्यावर कुणाचं पाऊल वाजलं की माझी मान वळत नाही, पण उजवा खांदा आपोआप थोडा वर होतो.

चिप घरी पोचली. आता ह्यांना इथे परत यायला दुसरं काही कारण उरलेलं नाही, माझ्याशिवाय.