फुल्ल म्हणजे कुठलं फूल

“सांगतो, पण विश्वास बसायचा नाही मॅडम. आजवर एकाचाही बसलेला नाही,” अन्वरचाचा म्हणाले आणि पाटाच्या दगडी काठावर ऐसपैस बसले.

समोर शारजातल्या जुन्या मोती-व्यापाऱ्याच्या हवेलीची बाग पसरली होती. चार चौकोन, मधून वाहता पाट, कातरलेली कुंपणं, काटकोनात वळणाऱ्या वाटा. हवेलीचं आता म्युझियम होणार होतं आणि बाग पूर्वीसारखी करायचं काम सुनेत्राकडे आलं होतं. दुबईतल्या मरीनाहून दीड तास ट्रॅफिकमध्ये घालवून ती आली ती थेट चौथ्या चौकोनातल्या मोगऱ्यापाशी.

“चाचा, हा ओरिजिनल प्लॅनमध्ये नाहीये. घरच्यांच्या मर्जीने लावलेलं तेवढं राहणार. माळ्यांनी मागाहून घुसवलेलं सगळं काढायचंय.”

रत्नागिरी सोडून तीस वर्षं चाचा या बागेत माळी होते.  अडचणीत सापडले की चाचांची जीभ सुटायची.

“ऐंशी वर्षांपूर्वीची गोष्ट. घरात नवी सून आली. देखणी, पण हसेल तर शपथ! सासऱ्याने विचारलं, बेटी, काय हवं? म्हणाली, फुल्ल. इथे मोगऱ्याला फुल्ल म्हणतात ना! सासऱ्याने गलबताच्या नाखव्याला पिटाळलं, यल्ला, जा हिंदुस्थानात! नाखवा बावळट. त्याला वाटलं, फुल्ल म्हणजे फूल, कुठलंही. रत्नागिरीच्या बंदरात त्याने जास्वंद भरली, झेंडू भरला, अबोली, सोनचाफा... गलबत पार गळ्यापर्यंत भरलं.”

“काहीतरीच!” सुनेत्रा हसली, पण तिने वही उघडली.

“कोकणातल्या मधमाश्या निघाल्या मागोमाग. शिडालाच पोळं धरलं. भर समुद्रात वारा पडला, तर त्यांनीच पंख हलवून गलबत पुढे काढलं. मागे झेंडूच्या पाकळ्यांची वाट, सोनेरी, इथपासून जयगडपर्यंत. मासे त्या वाटेने वऱ्हाडासारखे चालत आले.”

ऊन कलतं झालं होतं. पाटातलं पाणीही जरा थबकून ऐकतंय असं वाटत होतं.

“गलबत लागलं. सुनेने तो फुलांचा डोंगर बघितला, कपाळावर हात मारला आणि हसली. असं हसली मॅडम...” चाचांनी डोळे मिटले. आवाज अगदी हळू झाला. “डोळ्यांत पाणी येईपर्यंत. म्हणाली, गाढवा, फुल्ल म्हणजे फुल्ल! मग तळाशी ओल्या फडक्यात मोगऱ्याचं एक रोप सापडलं. ते हे. याचा वास पार समुद्राच्या बुडाशी जायचा. मोती काढणारे पाणबुडे त्या वासाचा माग काढत घरी यायचे. मोतीसुद्धा घमघमायचे!”

सुनेत्राचं पेन थांबलं.

“चाचा, हा नाखवा कुठला?”

“इथलाच. अस्सल अरब.”

“आणि अरबाला फुल्ल म्हणजे काय ते कळलं नाही? थाप! धडधडीत थाप! ही चूक करायला माणूस आपल्याच भाषेतला लागतो. त्या सुनेची म्हातारी झाल्यावर तिने तुमच्याकडे फुल्ल मागितलं आणि तुम्ही झेंडू लावून बसलात, हो की नाही? अहो, मग मोगरा तिच्याच मर्जीचा झाला की! राहू दे तो. एवढं सरळ सांगायचं सोडून बिचाऱ्या मधमाश्यांना कशाला राबवलंत?”