नापास होण्यासाठी नेमलेला मोजा

मित्रांनो, मी डाव्या पायाचा एक जुना मोजा आहे. साधा नव्हे, दाबाचा. घोट्याशी करकचून आवळणारा आणि गुडघ्याकडे जाताना जरासा सैल होणारा. पायातले रक्त खाली साचू न देता वर ढकलायचे, हे माझे काम. अमेरिकेत, कॅरोलायनातल्या एका गिरणीत माझा जन्म झाला. यंत्रावरच्या बाईने मला ताणून पाहिले आणि म्हणाली, "हा हत्तीलाही आवळेल." माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. दुसरे खोटे निघाले.

माझ्याबरोबर उजव्या पायाचा एक जुळा भाऊही विणला गेला. ज्या बाईंनी आम्हाला घेतले त्यांचा उजवा पाय ठणठणीत होता, पण मोजे जोडीनेच विकतात. भाऊ जन्मभर खणात लोळत राहिला. त्याच्याइतका सुखी प्राणी मी पाहिला नाही, आणि इतका निरुपयोगीही.

बाईंचे नाव लव्हॉन हॉगन. मिनेसोटा प्रांताच्या उत्तर भागात, तळ्याकाठच्या एका गावात, शाळेच्या स्वयंपाकघराच्या त्या मुख्य. दिवसभर सिमेंटच्या फरशीवर उभे राहून पोरांसाठी रांधायचे आणि घरी येऊन नवऱ्यासाठी पुन्हा उभे राहायचे. त्यांच्या डाव्या पोटरीवर निळ्या शिरा गांडुळांसारख्या वर आल्या होत्या आणि घोट्याभोवतीची कातडी तपकिरी पडली होती. शाळेने गोड शब्दांत सांगितले होते, की सप्टेंबरात शाळा उघडेल तेव्हा स्वयंपाकघरात उभी राहू शकणारी बाई लागेल. लव्हॉनबाईंना दुसरे काम येत नव्हते, आणि यावे असे वाटतही नव्हते.

मग लगेच शस्त्रक्रिया का नाही? कारण विमा कंपनी. तिचा नियम असा, की आधी मोजा घाला. मोज्याने गुण आला नाही हे सिद्ध झाले, तरच शिरेला हात लावू. म्हणजे मला घेतले ते मी नापास व्हावे म्हणून! मित्रांनो, तुमच्यातले काही जण नापास होत असतील, पण त्यासाठी तुमची रीतसर नेमणूक तर कुणी केली नसेल.

मी मन लावून नापास व्हायला निघालो होतो. पण त्या प्रांतातल्या माणसांना एक खोड आहे. ती तक्रार करत नाहीत. घरावर झाड पडले तर "चला, सरपण घरपोच आलं" म्हणतील. एखादी गोष्ट अगदीच सहन होईनाशी झाली, तर "वेगळंच आहे" एवढेच म्हणतात. याहून जहाल शिवी त्यांच्याकडे नाही.

शस्त्रक्रिया कुठे करायची याचा पहिला सल्ला आला तो नणंदेकडून. आर्डिस म्हणाली, "अगं, जेवणाच्या सुट्टीत जायचं नि पाय करून यायचं! मी तर येताना पडदेपण घेऊन आले." आर्डिसच्या जगात शहाणपण आणि पडदे एकाच मॉलमध्ये मिळत.

मॉलमधला तो दवाखाना गाद्यांचे दुकान आणि नखे रंगवायचे दुकान यांच्यामध्ये होता. आत कारंजे. काकडी घातलेले पाणी. भिंतीवर गुळगुळीत पायांचे फोटो. नुसते पाय, वर माणूस नाही. तिथल्या धंद्याचे इतके प्रामाणिक चित्र मी दुसरे पाहिले नाही. एका मुलीने बाईंना आडवे करून पायावरून यंत्र फिरवले, पाव भाजायलाही त्याहून जास्त वेळ लागतो, आणि म्हणाली, "दोन्ही पाय करावे लागतील."

"उजवाही? त्याला तर काही होत नाही."

"अजून होत नाही," मुलगी हसून म्हणाली.

"आणि डॉक्टर?"

"ते येतात ना, विमानाने. तारीख ठरली की."

निघताना त्यांनी बाईंना एक मऊ झगा भेट दिला. लव्हॉनबाईंनी कारंज्याकडे पाहिले, झग्याकडे पाहिले आणि आपल्या जिभेवरचे सर्वांत धारदार हत्यार बाहेर काढले. "वेगळंच आहे हो तुमचं."

मुलगी दूर दक्षिणेतल्या टेक्सासची होती, तिला ही शिवी कुठली कळायला. ती आनंदाने उडालीच. "थँक यू! सगळे असंच म्हणतात!" आणि तिने दोन्ही पायांची तारीख लिहून टाकली. दुसरा कुणी "नको" म्हणाला असता. आमच्या बाई झगा घेऊन घरी आल्या.

मग बाई शहरातल्या मोठ्या काचेच्या इस्पितळात गेल्या. इथे निदान पाय पाहतील, अशी मला भाबडी आशा होती. तरुण डॉक्टरांनी पाहिले ते संगणकाकडे. "दहापैकी किती दुखतं?"

"अं... दोन? लोकांना काय काय असतं हो."

"मोज्याने बरं वाटतं?"

"तक्रार नाही."

डॉक्टरांनी तेच टिपले. विमा कंपनीने कळवले, की मोज्याचा गुण उत्तम, शस्त्रक्रियेची गरज नाही. हे ते दुसरे कौतुक. एका विद्वानाने न बघता आणि एका कंपनीने न विचारता मला पहिल्या वर्गात पास केले. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

ऑगस्टात घोट्याच्या वर कातडी फाटली आणि जखम उघडली. माझ्याच खाली. मला काढताना बाई ओठ चावायच्या आणि बाहेर येऊन "बरं आहे" म्हणायच्या. आर्डिसचे टुमणे चालूच होते. "मॉलची तारीख आलीये ना? मग जा की! तुझे आढेवेढेच फार."

तेव्हा एक अनपेक्षित प्राणी बोलला. डुएन, बाईंचा नवरा. एरवी हा माणूस हवामानापलीकडे बोलत नसे.

"खाणीच्या गावात ती माकी डॉक्टर आहे," तो म्हणाला.

"ती फार फाडफाड बोलते म्हणतात," बाई म्हणाल्या.

"बोलू दे."

डुएन स्वतः बाईंना घेऊन गेला. माकीबाईंच्या लहानशा इस्पितळात कारंजे नव्हते. जळकट कॉफी होती. डॉक्टरांनी विचारले, "काय, कशा आहात?"

"ठीक."

"मी इथलीच आहे, बाई. ठीक म्हणजे किती वाईट?"

लव्हॉनबाई पुन्हा "ठीक"च म्हणाल्या. डॉक्टर डुएनकडे वळल्या. "ही 'ठीक आहे' म्हणते तेव्हा घरात काय करते?"

डुएनने टोपी हातात फिरवली. "तळघराचा जिना बसून उतरते. एकेक पायरी. मी टीव्हीचा आवाज वाढवतो."

"का?"

"मला ऐकू येतं, हे तिला कळू नये म्हणून."

लव्हॉनबाईंनी नवऱ्याकडे पाहिले. मी पायात होतो, मित्रांनो. तो पाय हळूच सरकून डुएनच्या बुटाला टेकला.

"उठा, उभ्या राहा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी मला उतरवले आणि उभ्या पायावर, बराच वेळ, यंत्र धरून रक्त कुठून खाली घसरते ते पाहिले. "डावा पाय करायचा. उजव्याला कुणी हात लावू देऊ नका. झोपवून तपासलं की यातलं निम्मं दिसतच नाही."

"नणंद म्हणते, मॉलमध्ये..."

"जा की. कारंजं आहे तिथे. फक्त एवढं विचारून जा, की घरी गेल्यावर पायातून रक्त आलं तर फोन कोण उचलणार?"

"तुमच्याकडे कोण उचलतं?"

"मी. शिव्या देत, पण उचलते."

लव्हॉनबाईंनी मला उचलून माझी नीट घडी केली. मग म्हणाल्या, "इथेच करू. आणि डॉक्टर... दुखतं. फार दुखतं."

आख्ख्या उन्हाळ्यात कुणाला न सापडलेला रोग त्या एका वाक्यात सापडला. माकीबाईंनी विमा कंपनीला उघड्या जखमेचे असे काही वर्णन ऐकवले, की पलीकडच्या माणसाचे जेवण राहिले असावे. मंजुरी आली. मी अखेर नापास झालो. इतका आनंद मला पास होऊन झाला नव्हता.

शीर आतून जाळून बंद केली. जखम हळूहळू भरली. शाळा उघडली तेव्हा पहिले काही आठवडे बाईंनी स्वयंपाकघरात उंच स्टूल घेतले, आणि कुणी विचारले तर "पाय दुखतो म्हणून" असे चक्क सांगितले. गावात त्याची बरीच चर्चा झाली.

माझा ताण कधीच गेला. आता मी तळघरात खिळ्याला टांगलेला असतो आणि माझ्या पोटात कांदे असतात. ही संगत मला आवडते. कांदा निदान ज्याला रडवायचे त्याला तोंडावर रडवतो.

तेव्हा मित्रांनो, घरात कुणाच्या पायावर निळ्या शिरा दिसल्या तर दवाखाना कुठला हे जरूर शोधा. पण त्याआधी त्या माणसाला खोदून विचारा, आणि "बरं आहे" म्हणाला तर पुन्हा विचारा. मोजा पायात घालायची वस्तू आहे. लोक तो तोंडावर चढवून दुखणे आतच आवळून बसतात, आणि तिथे मात्र मी कधीच नापास होत नाही.