पुतळाबाईंचा आवाज

गोकुळ रासकरचा डावा कान थंडीत अजून ठणकतो. दौंडच्या डॉक्टरनं आत बॅटरी मारून बघितलं, म्हणाला कान शाबूत आहे, मनातनं काढून टाका. अहो डॉक्टर, मनातनं काढायचं औषध असेल तर तेवढं लिहून द्या की! भर मांडवात, सगळ्या भावकीदेखत खाल्लेली कानफटात विसरायला गोकुळ काही संत नव्हता. दौंडात त्याचं सीसीटीव्हीचं आणि कॉम्प्युटरचं दुकान झकास चाललं होतं, कारखान्यांच्या सर्व्हरची कामं मिळत होती, बायको सारिका गल्ल्यावर बसून अर्धा धंदा सांभाळत होती. पण दाढी करताना हात डाव्या गालावर आला की थांबायचा, आणि त्याला निमोण्याचा तो मांडव आठवायचा.

झालं होतं असं. शिरूरला गोकुळ आणि विश्वजीत या दोघांचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ होता, भागीतला. निमोण्याच्या आनंदराव आबांच्या मुलाचं लग्न निघालं. आबा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ, सोसायटी त्यांची, शब्दही त्यांचाच, आणि विश्वजीत त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. लग्न लागायच्या आधी आदल्या दिवशीच्या हळदीचा व्हिडिओ मांडवातल्या मोठ्या एलईडी पडद्यावर दाखवायचा होता. पाव्हणे माना वर करून बसले, बँड थांबला, आणि पडदा काळा तो काळाच. हळदीच्या शूटिंगचं मेमरी कार्ड कोरं निघालं. गोकुळनं भरलेलं कार्ड विश्वजीतच्या हातात दिलं होतं, आणि त्या बहाद्दरानं सकाळी ते ड्रोनमध्ये घालून पुसून टाकलं होतं. पण मामा लाल होऊन समोर आले तसं त्यानं सरळ गोकुळकडं बोट दाखवलं. आबा कॅमेऱ्याच्या स्टेजवर चढले, गोकुळला कॅमेऱ्यापुढं ओढलं आणि एक अक्षर न विचारता हाणली. गोकुळ कानावर हात दाबून खाली उतरला, तो मागं न बघता कासुर्डीला आपल्या घरी गेला. पुढं साऱ्या शिरूर तालुक्यात ‘हळद पुसणारा’ म्हणून त्याचं नाव झालं. विश्वजीतनं ते चांगलं पिकवलं आणि स्टुडिओ एकट्याच्या घशात घातला.

आणि आता, इतक्या वर्षांनी, त्याच विश्वजीतचा फोन! निलाजरेपणाला काही सीमा? म्हणे, गोकुळ गड्या, शूटिंग साठवायचं ते स्टोरेज तूच उभं केलेलं, तुलाच कळतंय, डिस्क दिसंना झाल्यात. सगळी लग्नं आत अडकलीत. गोकुळच्या तोंडात शिवी आली होती, ती त्यानं गिळली. जावं, बघावं, ‘सगळं गेलं’ म्हणून सांगावं आणि त्याचं तोंड कसं उतरतं ते डोळे भरून बघून यावं, असा त्याचा बेत. सारिकाला त्यानं तो सांगितला. ती म्हणाली, बघून या, पण घरनं जेवून जा, तिथलं पाणीसुद्धा पिऊ नका.

चौफुल्यावरनं न्हावऱ्याच्या रस्त्यानं, उसाच्या ट्रॉल्या चुकवत गोकुळ मोटरसायकलवर शिरूरला पोचला. स्टुडिओत काचा लागल्या होत्या, एसी लागला होता, विश्वजीतचं पोट सुटलं होतं. कोपऱ्यात नवं दांडगं मशीन. दोन मशीनचं काम एकात व्हावं म्हणून त्या खऱ्या मशीनच्या पोटात सॉफ्टवेअरनं आणखी एक मशीन बनवलेलं, आणि गोकुळनं उभं केलेलं जुनं स्टोरेज त्या पोटातल्या मशीनवर चालवलेलं. त्याच्या डिस्कही तसल्याच, आभासी. खऱ्या डिस्कवरच्या मोठमोठ्या फायलीच त्या, पण पोटातल्या मशीनला त्या डिस्क वाटल्या पाहिजेत. मागच्या आठवड्यात मशीन हळू चालतंय म्हणून विश्वजीतनं मोबाइलवर व्हिडिओ बघून पोटातलं मशीन काढून टाकलं, नवीन बनवलं आणि जुन्या डिस्क त्याला जोडल्या. तेव्हापासून स्टोरेज एकच पालुपद लावून बसलं होतं, वापरण्याजोगी डिस्क सापडत नाही.

गोकुळच्या लगेच ध्यानात आलं. प्रत्येक डिस्कला तिचा स्वतःचा नंबर असतो. विमा उतरवलेल्या गाईच्या कानात बिल्ला असतो, तसा. नव्या मशीनच्या सेटिंगमध्ये एक ओळ राहिली होती, त्यामुळं खालचं खरं मशीन कुठल्याच डिस्कचा नंबर पोटातल्या मशीनला सांगत नव्हतं. स्टोरेजला सगळ्या डिस्क बिनबिल्ल्याच्या, एकसारख्या दिसत होत्या. यातली कुठली आपली आणि कुठली परकी, असा घोळ नको म्हणून ते एकीलाही आत घेत नव्हतं. डेटा जागच्या जागी होता, एका ओळीचं काम होतं. गोकुळनं तोंड पाडलं आणि ‘गेलं सगळं’ म्हणायला जीभ उचलली.

पण विश्वजीत आधीच रडगाणं गाऊ लागला. म्हणाला, लग्नांचं बघू नंतर, पण मामीचं काय करू? पुतळामामी गेली त्याला वर्ष होतंय. निमोण्यात प्रथम पुण्यस्मरणाचा मोठा कार्यक्रम आहे, कीर्तन आहे, एलईडीचा पडदा सांगितलाय. मामांना मामीचा आवाज ऐकायचाय. घरात फोटो पडलेत ढीगभर, सीड्या आहेत, पण प्रत्येक सीडीत बोलणं पुसून वर सिनेमाची गाणी टाकलेली. आता लग्नाच्या व्हिडिओत कोण कुणाचं बोलणं ठेवतं? सनई, मग गाणं, मग पुन्हा गाणं. मामीचं तोंड हलताना दिसतं आणि आवाज भलत्याच बाईचा येतो. मामी काही बोलली असेल तर ती कच्च्या शूटिंगमध्ये, आणि ते या डिस्कांत आहे.

एवढ्यात आबाच आत आले. काठी टेकत, टोपी हातात घेऊन. गाल बसले होते. खुर्चीवर टेकून त्यांनी गोकुळकडं बघितलं आणि मऊ आवाजात विचारलं, “कुठलं गाव, पाव्हणं?”

गोकुळनं ‘दौंड’ म्हणून सांगितलं. आबांनी मान हलवली, म्हणाले, एवढं काम करा, उपकार होतील. ओळखीची एक खूणसुद्धा त्यांच्या डोळ्यांत नव्हती. बघा म्हणजे! गोकुळनं ज्या थपडेसाठी झोपा घालवल्या, ती मारणाऱ्याच्या लेखी डास मारल्याइतकीसुद्धा नव्हती. आठवून नाकारलं असतं तरी चाललं असतं. गोकुळचा कान असा पेटला की एसीतही घाम फुटला.

आणि त्या रागातच त्याला ते आठवलं. त्या दिवशी स्टेजवरचा त्याचा कॅमेरा चालू होता. तो उतरून गेला तेव्हा बंद केलाच नव्हता. विश्वजीत सगळी कार्डं न बघता डिस्कवर ओतून ठेवायचा, म्हणजे ती कानफटात याच डिस्कांत होती. सगळ्या निमोण्याला ती पुन्हा दाखवायची, एलईडीवर, हत्तीएवढी करून! ‘गेलं सगळं’ गोकुळनं परत गिळलं आणि म्हणाला, होईल काम, पण कार्यक्रमात पडद्यावर मी स्वतः लावणार. विश्वजीतचा जीव भांड्यात पडला.

गोकुळनं पोटातलं मशीन बंद केलं, ती ओळ लिहिली, मशीन पुन्हा सुरू केलं. पडद्यावर एकेक डिस्क आपला नंबर घेऊन उभी राहिली, मागोमाग सगळा साठा उघडला. विश्वजीत चहा सांगायला पळाला. गोकुळनं हेडफोन चढवला आणि निमोण्याच्या लग्नाचं कच्चं शूटिंग शोधून काढलं.

थप्पड सापडली. स्वतःला मार खाताना बघणं सोपं नसतं, त्यानं दात आवळून बघितलं. पडद्यावरचा गोकुळ खाली उतरून गेला, आबा चौकटीबाहेर सरले, पण कॅमेरा चालूच. बँड थांबलेला. आणि त्या शांततेत कॅमेऱ्याजवळ एक बाई आली, डोक्यावरचा पदर सावरत, आणि बोलू लागली. गोकुळनं ऐकलं. मागं नेऊन पुन्हा ऐकलं. इतकी वर्षं त्याच्या बाजूनं बोलणारं एक माणूस त्या मांडवात होतं, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. त्याला राग आला, कुणाचा ते त्याचं त्यालाच कळेना. डोळ्यांत पाणी आलं ते त्यानं चष्मा पुसायच्या निमित्तानं पुसलं.

चहा आला, त्याला तो शिवलासुद्धा नाही. क्लिप पेनड्राइव्हवर घेतली. आणि निघताना काय केलं सांगू? ती ओळ पुन्हा काढून ठेवली. मशीन चालू आहे तोवर कुणाला कळणार नव्हतं, पण शिरूरची वीज आज ना उद्या जाणारच होती. विश्वजीतनं विचारलं, सापडला का आवाज? गोकुळ म्हणाला, एकदम स्वच्छ. एकदा ऐकून बघू, असं काही त्या आळशाला सुचलं नाही.

कार्यक्रमाला निमोणं लोटलं. तीच भावकी, तीच तोंडं, केस तेवढे पिकलेले. कीर्तन संपलं, पंगती बसायच्या होत्या. गोकुळनं आधी पुतळाबाईंचे फोटो लावले, मग हळदीकुंकवाचं, ओवाळणीचं मुकं शूटिंग. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. मग त्यानं ती क्लिप लावली.

पडद्यावर आबांचा हात उठला आणि एका पोराच्या कानाखाली बसला. आवाज साऱ्या मांडवात घुमला. पोरगं खाली उतरून गेलं आणि पुतळाबाई बोलल्या. “आवं, त्या लेकराला का मारलंत? ते कारड म्या सकाळी इस्वजितच्या हातात बघितलं. त्या उडत्या इमानात त्यानंच घातलं.” आबांचा आवाज आला, “गप बस. चारचौघांत भाच्याला उघडा पाडू का?” आणि त्यावर पुतळाबाई, “मंग परक्याचं लेकरू उघडं पाडलंत ते चालतं व्हय? त्याला आई न्हाई का?” मग बँड सुरू झाला आणि क्लिप संपली.

मांडवातल्या माना विश्वजीतकडं वळल्या. तो वायर उपटायला धावला, पण गोकुळ बोर्डाला पाठ लावून उभा होता. ज्याच्यासाठी जगलो तो क्षण हाच, असं गोकुळला वाटलं, छाती भरून आली. आबांनी हात वर केला. आता बंद करायला सांगतील, शिव्या घालतील, घालू देत! आबा म्हणाले, “परत लाव.”

गोकुळनं परत लावली. पुन्हा थप्पड, पुन्हा पुतळाबाई. आबा पडद्याजवळ जाऊन उभे राहिले, म्हणाले, परत. म्हाताऱ्याला ना भाच्याची लाज होती ना स्वतःची, त्याला फक्त बायको ऐकू येत होती. आणि तिला ऐकवायला दरवेळी गोकुळला साऱ्या गावासमोर नव्यानं मार खावा लागत होता. हे काही त्यानं ठरवलं नव्हतं. मग आबांनी मागं वळून गोकुळचं तोंड नीट बघितलं, डाव्या बाजूनं. एवढंच म्हणाले, “तूच व्हय रं?”

“मीच,” गोकुळ म्हणाला आणि पेनड्राइव्ह उपसून खिशात घातला. “आवाज माझ्यापाशी हाय, आबा. ऐकायचा असंल तवा दौंडला या. पण तुम्ही या, माणूस धाडू नका.”

तो न जेवता निघाला. शिरूरची वीज तिसऱ्याच दिवशी गेली आणि डिस्क पुन्हा बिनबिल्ल्याच्या झाल्या. विश्वजीतचे फोनवर फोन. त्यात लोकांची लग्नं आहेत हे गोकुळला कळत होतं. ती ओळ तो पाठवणार होता, पण जरा सवडीनं.

पुढच्या आठवड्यात आबा आले. एसटीनं, एकटे, दुकान विचारत विचारत. सारिकानं पाणी दिलं. गोकुळनं मुद्दाम आधी समोरची दोन गिऱ्हाइकं केली, आबा बाकावर टोपी मांडीवर घेऊन मुकाट बसून राहिले. मग त्यानं त्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं, क्लिप काढली, आणि हेडफोन चढवायला त्यांच्या कानाकडं हात नेला. आबांनी डोळे गच्च मिटले आणि मान आक्रसून घेतली, मार चुकवायला घेतात तशी.

गोकुळचा हात तसाच राहिला. एवढ्या वर्षांत त्यानं ही थप्पड मनातल्या मनात कितीदा तरी परत केली होती, पण म्हातारं असं अंग चोरून बसलेलं त्यानं कधी कल्पिलं नव्हतं. त्यानं ते पुरतं बघून घेतलं. मग हेडफोन दोन्ही कानांवर नीट बसवला, आवाज थोडा वाढवला आणि क्लिप थपडेच्या पुढनं सुरू केली.