दुसऱ्या डिव्हिजनचा बॉलर

आमच्या यांचं, म्हणजे जहूरचं, वय सत्तेचाळीस. पण मैदानात उतरले की आपण अजून दापोलीचे फास्ट बॉलर आहोत, असं त्यांचं स्वतःचं मत. यंदा पहिल्या डिव्हिजनच्या टीमने त्यांना साधा फोनही केला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तो पीळ महिनाभर दुबईतल्या आमच्या करामाच्या दोन खोल्यांत येरझारा घालत होता. डाळीत मीठ कमी, एसीला आवाज जास्त. दर हिवाळ्यात बूट घालून मॅचला निघणारा माणूस असा घरी बसला की म्हातारा होतो, आणि मला म्हातारा नवरा नको होता.

तेवढ्यात लिओ आला. यांच्या ऑफिसातला, वसईचा, दुसऱ्या डिव्हिजनच्या टीमचा कॅप्टन. म्हणाला, "जहूरभाई, या सीझनला आमच्याकडे साइन करा. सगळी यंग मुलं आहेत, एक्सपीरियन्स पाहिजे."

मी कपबशा आत नेल्या. बाहेर दोघं बराच वेळ कुजबुजले. मग हे उड्या मारत स्वयंपाकघरात आले. "शहनाझ, करार झाला! टी-शर्ट फ्री! रविवारी तू पण चल. आणि कोळंबीचा पुलाव कर, मोठ्या पातेल्यात."

मी खुळी. आनंदाने केला.

शारजाच्या मैदानावर हे उभे होते पार सीमेवर, जिथे चेंडू चुकूनही येत नव्हता. प्रत्येक ओव्हरला हात गरागरा फिरवून दाखवायचे आणि लिओ नेमका दुसरीकडे बघायचा. विकेटकीपरनेसुद्धा ग्लोव्ह्ज काढून एक ओव्हर टाकली! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटची ओव्हर उरली तेव्हा लिओ पाणी प्यायला आला. नजर पातेल्यावर.

"भाभी, कोळंबी फ्रेश ना?"

"यांना ओव्हर कधी देणार?"

"भाभी, ते... आमचं अ‍ॅग्रीमेंट जरा वेगळं आहे."

"कसलं अ‍ॅग्रीमेंट?"

तोवर हे धावत आले होते. मान खाली घालून म्हणाले, "अगं, या वयात मला कोण घेतो? मीच म्हटलं, मला टीममध्ये घे, दर मॅचला शहनाझचा पुलाव आणतो."

म्हणजे साइन मी झाले होते! मला न विचारता हा माणूस मला देऊन मोकळा! चांगलं फैलावर घेणार होते, पण पोटावर ताणलेला तो नवा टी-शर्ट दिसला आणि राग निम्म्यावर आला. मी पातेल्याच्या झाकणावर दोन्ही हात ठेवले.

"करार माझा ना, लिओभाई? मग अट पण माझी. शेवटची ओव्हर हे टाकणार. नाहीतर पुलाव खलास, मी टॅक्सी करून घरी."

"भाभी, मॅच जाईल!"

पण बाकीची टीम पातेल्याकडे बघत होती. लिओने एकदा वास घेतला आणि चेंडू यांच्या हातात दिला. "यल्ला, चला, जहूरभाई."

पहिला चेंडू वाइड. मग सिक्स. मग आणखी एक सिक्स. मी मनातल्या मनात सगळे पीर आळवले. शेवटच्या चेंडूला हे पार्किंगपर्यंत मागे गेले, तिथून धापा टाकत आले आणि हात फिरवला. समोरच्या पोराने बॅट जोरात फिरवली, फिरवून झाली, आणि त्यानंतर चेंडू आरामात येऊन स्टंपला लागला.

"क्या स्लोअर वन डाला!" जिंकलेली सगळी टीम यांच्या अंगावर धावली. आउट झालेला पोरगा हात मिळवून गेला, "अंकल, व्हॉट अ व्हेरिएशन!" लिओने तर मिठीच मारली. "नेक्स्ट मॅच ओपनिंग बॉलिंग तुमची, जहूरभाई!"

मी झाकण उघडलं. पहिली प्लेट यांना. ती घेताना हे माझ्या कानाशी वाकले. अजून धाप लागलेली.

"शहनाझ, तो स्लोअर नव्हता गं. जीव तोडून टाकला होता."

मला हसू आलं आणि भरूनही आलं. मी दोन कोळंब्या जास्त वाढल्या.

"गप्प जेवा," मी म्हटलं. "पुढच्या मॅचलाही तोच टाका."