घड्याळासमोर तीन मीटर

माझे वडील बुधाजी लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर एकटे राहायचे आणि इथूनच मला शेवटचं बाहेर काढा म्हणायचे. भाऊ रमाकांतने मात्र फर्मान काढलं होतं: दवाखान्यातून बाई येऊन आबांची चाल मोजेल, ती धड नसेल तर तो त्यांना आपल्या घरी नालासोपाऱ्याला नेणार. तेव्हापासून आबांना घास उतरत नव्हता. म्हणून त्या दिवशी मी शिवडीहून मुद्दाम आले होते.

दवाखान्यातून सुमेधा नावाची मुलगी आली. तिने खुर्चीपासून तीन मीटर मोजून फरशीवर पट्टी चिकटवली. आमच्या खोलीत तीन मीटर जेमतेम मावले.

"आजोबा, मी 'चला' म्हटलं की उठा, पट्टीपर्यंत जा, वळा आणि परत येऊन बसा," म्हणत तिने खिशातून सेकंद मोजायचं घड्याळ काढलं.

घड्याळ दिसताच आबा सावध झाले. मग असे रमतगमत चालले की माझं डोकंच फिरलं.

"अठ्ठावीस सेकंद," सुमेधा म्हणाली. "इतका वेळ लागला तर एकटं राहू नका असं आम्ही सांगतो."

आणि आबांनी मला चक्क डोळा मारला! मी खाली वाकून दटावलं, "आबा, हा काय चावटपणा?"

"गप गो," ते कुजबुजले. "घड्याळवाल्यासमोर कोण धावता? जो धावतलो, तेच्या गळ्यात चार साचे घालतले."

मग माझी ट्यूब पेटली. आबांच्या कापड गिरणीत साहेबाचा माणूस असंच घड्याळ घेऊन मागे उभा राहायचा. जो भराभर काम करी त्याला जास्त साचे, म्हणजे माग, सांभाळायला मिळत आणि शेजारच्याची नोकरी जाई. म्हणून घड्याळ दिसलं की सगळं खातं हळू व्हायचं. संपाला सतरा वर्षं झाली, गिरणीला टाळं लागलं, पण आबांची ही खोड गेली नव्हती. मी पोट धरून हसले.

"आबा, इथे उलटं आहे. भराभर चाललात तर खोली तुमची."

"मगे आधी सांगूचा नाय?"

त्यांनी लुंगी खोचली. पहिल्यांदा उठता आलं नाही, दुसऱ्यांदा उठले. ओठ घट्ट मिटून, मानेच्या शिरा ताणून निघाले. वळताना भिंत धरली. परत येऊन धापा टाकत बसले आणि ऐटीत विचारलं, "किती?"

सुमेधा घड्याळाकडे बघत राहिली. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. एकतीस.

आबांनी आमची तोंडं पाहिली. "आता मी मुद्दाम नाय केलंय गो," ते हळूच म्हणाले.

मघाशी मी किती हसले होते!

सुमेधाने फॉर्म उघडला. "एकटेच राहतात ना?"

"नाही," मी म्हणाले. "मुलगी सोबत असते. कालिंदी. लिहा."

"कधीपासून?"

"आजपासून. शिवडीत माझी वाट बघणारं कोणी नाही."

माझ्या कपड्यांना जागा व्हावी म्हणून आबा खुंटीवरचे सदरे काढायला उठू लागले. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "बसा हो, घाई नाही."