तेरा सोमवार

गुरुप्रसादचा फोन आला तेव्हा नम्रताचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणात होते. रविवारची सकाळ. गोबरगॅसच्या टाकीशी उकिडवी बसून ती शेणात बादलीला बादली पाणी घालून कालवत होती, गाठ राहू नये म्हणून बोटांनी चुरत होती. कठड्यावरचा फोन वाजायला लागला तशी तिनं करंगळीनं तो कसाबसा घेतला नि स्पीकरवर टाकला.

“वैनी, उद्या अकराला घरी आहात ना? लांज्याकडच्या बचत गटाच्या पंधरा बायका घेऊन येतोय. तुमचा प्लांट दाखवायचाय त्यांना. या बाजूला संडास जोडलेला तुमचाच एक...”

नम्रतानं फोनवर हात दाबला. काचेवर शेणाचा पंजा उमटला, पण आवाज काही बंद होईना. तिनं मान वळवून पडवीकडे बघितलं. सासूबाई जास्वंदीखाली फुलं काढत होत्या. पाठमोऱ्या. वाऱ्याची दिशा उलटी होती, एवढंच नशीब.

“भाऊ, उद्या सोमवार. आमच्या आयेचा उपास असतो. दुसऱ्या दिवशी नाही का...”

“गाडी ठरली ओ. आणि तुम्हाला काय करायचं नाय, मीच सगळं समजावून सांगतो. कुठला पाइप कुठं जोडला, घाण कशी कुजते, वास का येत नाय. तुम्ही फक्त ज्योत दाखवा.”

फोन ठेवला तरी नम्रता तशीच बसून राहिली. हातावरचं शेण वाळायला लागलं होतं.

संगमेश्वरच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत दोन कोस चालत गेलं की त्यांची वाडी. हा गोबरगॅस सासऱ्यांनी, भागोजींनी, चांगल्या दिवसांत बांधला होता. तेव्हा गोठ्यात बैलजोडी होती, दोन गाई होत्या, नि दोन्ही वेळचा स्वयंपाक होऊन वर चहाला गॅस उरायचा. भागोजी गेले, बैल विकले, एक गाय म्हातारपणानं गेली. राहिलेल्या एका गाईच्या शेणावर शेगडी कशी पेटायची? भाताला आधण यायच्या आत ज्योत पिवळी पडून मरायची, नि मग उरलेलं सगळं चुलीवर. सिलेंडर होता, पण त्याची गाडी वाडीपर्यंत यायची नाही, नि हमरस्त्यावरून खांद्यावर आणायला घरात पुरुषमाणूस कोण? संदेश, नम्रताचा नवरा, मुंबईला कामाला.

त्या चुलीच्या धुरानं सानवीचं पार होत्याचं नव्हतं व्हायची वेळ आली होती. नम्रताची सहा वर्षांची पोर, तिला धापेचा आजार. चैत्रात एका सकाळी तिची नखं निळी पडली. रत्नागिरीला नेऊन दोन दिवस नळी लावून ठेवावी लागली. डॉक्टरीण बाईंनी एकच सांगितलं, औषध देते, पण घरात धूर नको.

मे महिन्यात संदेश आला. आये आठ दिवस लेकीकडे पूर्णगडला गेली होती. तेवढ्यात त्यानं गुरुप्रसादला गाठून संडासाचा पाइप गोबरगॅसच्या टाकीला जोडून घेतला. आये परत आली नि उकरलेली माती बघून म्हणाली, “हे काय गो?”

“पाण्याची लाइन, आये,” संदेश म्हणाला. नम्रता बाजूला उभी होती. ती काही बोलली नाही. तिथंच चुकलं.

कारण नंतर शेगडी पेटली ती संध्याकाळपर्यंत मरेना. निळीशार ज्योत. एका गाईच्या शेणावर एवढा गॅस? आयेनं, गुणवंतीबाईंनी, कपाळाला हात लावला तो आनंदानं. महादेवाची कृपा, दुसरं काय. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी त्यांनी सोळा सोमवारांचा संकल्प सोडला, नातीचा श्वास मोकळा होऊ दे म्हणून. दिवसभर कडकडीत उपास, मीठ नाही, नि संध्याकाळी त्याच ज्योतीवर कणकेच्या जाड पोळ्या भाजून, तूपगूळ घालून केलेला चुरमा. त्याचे तीन वाटे. एक देवळात गुरवाला, एक गाईला, एक घरच्यांना.

असे तेरा सोमवार झाले होते. सानवीला श्रावणापासून एकदाही धाप लागली नव्हती. आये वाडीभर सांगत फिरायची, “बघा गो, देव कसा पावतो.” आणि दर सोमवारी नम्रता प्रसाद हातावर घ्यायची, डोळे मिटायची नि मनात म्हणायची, देवा, तुला सगळं ठाऊक आहे, तिला ठाऊक नाही, तिच्याकडे दोष धरू नको, माझ्याकडे धर. मग तुळशीला अकरा फेऱ्या जास्तीच्या. सासू कौतुकानं बघायची.

हात धुऊन तिनं संदेशला फोन लावला.

“उद्या माणसं येतायत. गुरुप्रसाद सगळं बोलणार. आयेला आजच सांगते मी.”

“वेडी काय तू? सांगितलंस की ती चूल पेटवेल. परत पोरीला घेऊन धावायचंय? तिला देवळात पाठव. बारापर्यंत तिथंच बसव.”

“आणि वाडीतल्या बायका? त्या ऐकणार नाहीत?”

“उद्याचं उद्या बघू.”

“तुमचं उद्या तिकडं असतं,” नम्रता म्हणाली. “माझं इथं.”

मग तो म्हणाला, “अगो, शेतात सोनखत घालतो, त्याचा भात देवाला चालतोच ना. तसंच हे.”

नम्रतालाही हे पटत होतं. पटत नव्हतं ते एवढंच, की हे त्यानं आईला न सांगता परस्पर ठरवलं होतं नि ओझं तिच्या डोक्यावर दिलं होतं.

जेवताना तिनं विषय काढला, देवळाचा. “आये, उद्या जरा लवकर देवळात जाऊन बसता का? गॅसवाल्याकडून पाहुण्या येणार आहेत, टाकी बघायला. उगाच गडबड.”

“किती?”

“पंधरा.”

गुणवंतीबाईंचा चेहरा फुलला. “चौदाव्या सोमवारी पंधरा सवाशिणी दारात, नि मी देवळात जाऊन बसू? तुला काय वेडबीड लागलंय? नैवेद्य उद्या सकाळीच करते. सगळ्यांच्या हातावर चुरमा ठेवीन. कणीक किती हाय डब्यात, बघ.”

नम्रतानं उठून कणकेच्या डब्याचं झाकण काढून बघितलं.

तिच्या डोळ्यासमोर उद्याचं चित्र उभं राहिलं. गुरुप्रसाद टाकीशी उभा राहून समजावून सांगतोय, हा संडासाचा पाइप, ही शेणात मिळण्याची जागा, हा वर गेलेला गॅस. आणि ताट घेऊन सासू बायकांच्या रांगेतून फिरतेय, घ्या, महादेवाचा प्रसाद, याच शेगडीवरचा. बायका एकमेकींकडे बघतायत. कुणी पदरात तोंड घालतेय. सगळ्यांना माहीत, एकट्या तिला नाही. घरातलं लपवणं वेगळं. चारचौघींत तिला असं उभं करणं नम्रताला सोसवणारं नव्हतं.

सोमवारी आये पहाटेच न्हाली. सोवळ्याचं लुगडं नेसून, पूजा आटपून ती कणीक मळायला बसली. दुधात मळलेली घट्ट कणीक, तळहातानं दाबताना तिच्या बांगड्या परातीवर वाजत होत्या. ओठांवर नाव चालू होतं. सानवी पडवीत खडूनं रेघोट्या मारत होती. नम्रता उंबऱ्यात उभी. घड्याळात आठ वाजून गेले. आता सांगू, पोळी लाटून झाली की सांगू, असं करता करता तवा चढला. आयेनं काडी ओढली, नि ज्योत भस्सकन निळी पेटली.

नम्रता पुढं झाली नि तिनं भिंतीवरचा कॉक फिरवला. ज्योत गेली.

“संपला काय गो?”

“नाही. मी बंद केला.”

आयेनं वर बघितलं. लाटलेली पोळी तिच्या दोन्ही हातांवर तशीच होती.

नम्रतानं सांगितलं. कसं सांगितलं ते तिला नंतर आठवेना. पाइप म्हणाली, मे महिना म्हणाली, पूर्णगड म्हणाली. वाक्यं उलटसुलट गेली, पण जे कळायचं ते कळलं. तिनं मान खाली घातलेली होती, त्यामुळं तिला फक्त ती पोळी दिसत होती. ती हळूहळू मधून लोंबायला लागली नि आयेनं ती परातीत ठेवली.

“म्हणजे पहिल्या सोमवारच्या आधीपासून?”

“हो.”

“तेरा,” आये म्हणाली. “गुरवाला दिला. गाईला दिला. तू खाल्लास?”

“हो.”

“माहीत असून?”

“हो, आये.”

“आणि त्या अकरा फेऱ्या?”

नम्रताला रडू फुटलं, पण ती आवाज करून रडली नाही. सानवी बाहेर होती.

“मला का नाय सांगितलास?”

“तुम्ही चूल पेटवाल म्हणून. पोरीला परत...”

“मी?” आयेचा आवाज वाढला नाही, उलट इतका खाली गेला की नम्रताला पुढं वाकावं लागलं. “पोरीसाठी सोळा सोमवार धरणारी मी, नि मी घरात धूर केला असता? अगो, तुमचा भात, आमटी, चहा, काय ते शिजवा की त्याच्यावर. मी पण जेवले असते, नाक मुरडत का होईना. देवाचं तेवढं मी बाहेर खळ्याच्या कडेला तीन दगड मांडून केलं असतं. आठवड्यातून एकदा. एवढंच होतं. इचारायला तोंड लागतं फक्त.” ती उठली. गुडघ्यावर हात टेकून, दोनदा थांबून. “संदेशनं केलान ते केलान. तो पुरुष, त्याला घाई. पण तू रोज माझ्यासमोर बसतेस.”

नम्रतानं हाताच्या पाठीनं डोळे पुसले नि तवा शेगडीवरून उतरवला.

ती कणीक आयेनं सबंध गाईला घातली. परत न्हाली. कोरडी कणीक नवी घेतली. नम्रता दगड उचलायला पुढं झाली तर म्हणाली, “राहू दे.” आपणच तीन जांभे दगड लोटत लोटत खळ्याच्या पार टोकाला नेले, घराकडे वारा येणार नाही असे मांडले. पाला घातला, फाटी लावली. नम्रता पडवीतून बघत राहिली. भातकापणी झाली होती, समोरची शेतं मोकळी होती, नि त्या मोकळ्यावर एकटी म्हातारी फुंकणीनं जाळ करत बसलेली.

अकराला बायका आल्या, गाडी हमरस्त्यावर सोडून चालत. गुरुप्रसादनं सांगायचं ते सगळं सांगितलं, पाइपाला काठी लावलावून. बायकांनी आधी नाकाला पदर लावला, मग काढला. एकीनं विचारलं, “जेवणाला वास नाय लागत?” नम्रतानं शेगडी पेटवून दाखवली, चहा ठेवला. तेवढ्यात शेजारची चिमाकाकू, जी अशा ठिकाणी न बोलावता हजर असते, खळ्याकडे हात करून म्हणाली, “घरात एवढी निळी ज्योत, नि गुणवंतीला बाहेर धूर कशाला लागला? कालपर्यंत तर कृपा होती.”

सगळ्या तिकडं वळल्या. नम्रतानं हातातला कप खाली ठेवला. आता आये काय म्हणेल? ही लबाड सून, हा लबाड लेक, असं पंधरा अनोळखी बायकांसमोर म्हणाली असती तरी तिची चूक नव्हती.

आयेनं पोळी उलटली. धुरानं डोळे लाल झालेले.

“आज माझा पहिला सोमवार हाय,” ती म्हणाली. “देवाचं बाहेर करायचं ठरलंय आमचं. बाकी घरातल्या चहाला नावं ठेवू नका, चांगला होतो.”

बायका हसल्या, चहा प्यायल्या.

नम्रता मात्र पहिला या शब्दाशीच अडकली. म्हणजे ते तेरा गेले. ते उपास, अळणी दिवस, संध्याकाळी चक्कर येऊन भिंतीला धरणं, सगळं गेलं, नि परत सोळा. त्या गुडघ्यांनी. माघ येईल तोवर. आणि “आमचं” हा शब्द आयेनं लोकांसाठी उच्चारला की खराच, हेही तिला कळेना.

दुपारभर आये तिच्याशी बोलली नाही. रागावूनही बोलली नाही. प्रसाद पंधरा जणींना तिनं आपल्या हातानं दिला, गुरुप्रसादला दिला, चिमाकाकूला दिला. नम्रताच्या वाट्याचा तेवढा वाटीत झाकून ओट्यावर ठेवलेला होता.

दिवे लागले. उपास सोडायला आये पाटावर बसली. दर सोमवारी नम्रता तिच्या ताटात चुरमा वाढायची. आजही तिनं वाढायला हात पुढं केला नि मधेच थांबवला. घेईल का? तिनं हळूच आयेच्या चुरम्याची वाटी ताटाशेजारी टेकवली नि दोन पावलं मागं सरली.

तेवढ्यात पडवीत सानवी खोकली.

एकदाच. कोरडा, बारीक खोकला. दोघींच्या माना एकदम वर झाल्या. सकाळचा धूर? वारा तर पलीकडे होता. नम्रता श्वास रोखून ऐकत राहिली. आयेचा हात ताटावर होता, तोही हलेना. बाहेर रातकिडे, गाईचं रवंथ, नि पोरीचं पुटपुटणं. दुसरा खोकला आला नाही. तरी दोघी कितीतरी वेळ तशाच.

“पुढच्या सोमवारी अजून लांब,” आये अखेरीस म्हणाली, दाराकडेच बघत. “पऱ्याच्या कडेला, पाण्याजवळ नेऊ.”

“हो.”

“दगड मला आज झेपले नाहीत. कंबर गेली.”

“मी नेईन, आये.”

“ने,” आये म्हणाली, नि वाटी ताटात उपडी केली. घास उचलण्याआधी पुन्हा एकदा थांबून तिनं पडवीकडे कान दिला.