उजवा अंगठा

"कारण निवड," सेफ्टीसाहेब टॅब नाचवत म्हणाले. "एक, कामगाराचा निष्काळजीपणा. दोन, हातमोजे न घालणं. तीन, घाई."

उजव्या हाताचं बँडेजचं पांढरं गाठोडं उशीवर ठेवून पडलेल्या, कारखान्यात पत्रा दाबायची प्रेस चालवणाऱ्या प्रेसवाल्यानं विचारलं, "आणि हात आत जाऊ नये म्हणून असतं ते मशीनचं गार्ड तुटलंय, ते कितव्या नंबरला?"

"ते यादीत नाही."

"असेल कसं! तीनदा तक्रार टाकली मी. तीनदा तुम्ही शेजारच्या प्रेसच्या धड गार्डचा फोटो चिकटवलात. तिकडे मुख्यालयात हिरवा दिवा, इकडे माझा अंगठा गेला!"

साहेबांनी घाईघाईनं वॉर्डचं दार लोटून घेतलं. दहा देशांतले एकोणचाळीस कारखाने एकाच सिस्टिमवर, आणि त्यात आपलाच तेवढा लाल! वर अपघाताचा रिपोर्ट बंद होईपर्यंत सिस्टिमनं ती प्रेसच लॉक करून टाकली होती.

"निष्काळजीपणा टाकतो. पाचपर्यंत रिपोर्ट बंद, सेकंड शिफ्टला प्रेस चालू."

"आणि गार्ड?"

"येईल की पुढच्या महिन्यात."

पिशवी आवरणारी त्याची बायको गर्रकन वळली. "सेकंड शिफ्टला त्या प्रेसवर माझा भाऊ असतो. त्याची बोटं आत्ताच मोजून ठेवा!"

"वहिनी, तुम्ही मध्ये पडू नका."

"मध्ये नाही पडत, अंगावर येते. चालेल?"

प्रेसवाल्यानं तिला डोळ्यानंच गप्प केलं. "टाका हो साहेब, काय टाकायचं ते. मी कशाला आडवा येऊ?"

साहेबांची कळी खुलली. त्यांनी भराभर बोटं चालवली. शेवटी पडद्यावर एक चौकोन उगवला : कामगारानं उजवा अंगठा लावावा.

साहेबांनी टॅब पुढे केला. मग गाठोड्याकडे पाहिलं. मग टॅब हळूच मागे घेतला.

"डावा लाव."

त्यानं इमानदारीत लावला. जुळत नाही, सिस्टिम म्हणाली.

"पासवर्ड सांग."

"पासवर्ड तुम्हीच बंद केलेत. कामगार चोर, एकमेकांना सांगतात म्हणालात. भर मीटिंगमध्ये टाळ्या घेतल्यात."

साहेबांनी मुख्यालयाला फोन लावला. बराच वेळ 'येस सर, येस सर' झालं. नोंदवलेला अंगठाच हवा. नसेल तर तिकडचा माणूस येऊन मशीन तपासणार, मगच कुलूप निघणार.

"तुला माहीत होतं, हरामखोरा!"

"मग! ऑपरेशनला नेताना तेच आठवून हसत होतो. डॉक्टरांना वाटलं, भूल चढली."

"नोकरी खाईन तुझी!"

"खा. पण तो माणूस येऊन गार्ड बघून गेल्यावर खा."

साहेब दार आपटून गेले. बायको हसत सुटली, आणि हसता हसताच पदरानं डोळे पुसायला लागली. मग तिनं पाण्याचा पेला त्याच्या ओठांशी नेला.

त्यानं मान बाजूला घेतली. डावा हात पुढे केला. अर्धं पाणी छातीवर सांडलं, उरलेलं तो प्यायला. पेला स्टुलावर नीट ठेवायला त्याला बराच वेळ लागला. ती हात मागे बांधून उभी राहिली.